चांगल्या दिवसांची गोळी



ताप आला की आपण गोळी घेतो. ताप उतरला की गोळी बंद करतो. खोकला थांबला की औषधाची बाटली फडताळात जाते. आपल्या सगळ्यांची हीच रीत आहे. साध्यासुध्या दुखण्यात ती पुष्कळ वेळा चालूनही जाते.

पण एक आजार असा आहे, की त्याची गोळी चांगले वाटत असतानाच घेत राहावे लागते. बरे वाटले म्हणून ती सोडली, की आजार परत दारात उभा राहतो. हा आजार मनाचा आहे. आज आपण त्याची आणि त्याच्या औषधाची माहिती करून घेऊ.

आधी एक गोष्ट सांगतो. ही एका घरची गोष्ट नाही. अशा गोष्टी पुष्कळ घरांत घडतात. त्या एकत्र करून आम्ही एक गोष्ट केली आहे. ती जवळा बाजारच्या शिवारात घडली असे समजू.

भाऊची गोष्ट

एक शेतकरी होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. आपणही भाऊच म्हणू. घरी म्हातारी माय, बायको, धाकटा भाऊ आणि दोन लेकरे होती. चार एकर रान होते. त्यात थोडी हळद, बाकी सोयाबीन आणि तूर. भाऊ कष्टाळू होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एका वैशाखात हळदीची पट्टी हातात आली. त्याच सुमारास भाऊची झोप उडाली. रात्री दोन तास झोपे, की उठून रानात जाई. पण थकवा म्हणून नाही! दिवसभर बोलणे चालू. एक गोष्ट पुरी होत नाही, तोवर दुसरी. म्हणे, "मी आता हळदीचा कारखाना काढणार. सगळ्या तालुक्याला कामाला लावणार." बाजारात ओळख ना पाळख, अशा माणसांना त्याने पैसे वाटले. घरी न विचारता ट्रॅक्टरचा इसार देऊन आला. बायको बोलली, तर तिच्या अंगावर धावून गेला. असे त्याने जन्मात कधी केले नव्हते.

माय म्हणाली, "माझ्या लेकराला बाहेरचं लागलंय गं." मग अंगारे झाले, उतारे झाले. तेवढ्यात महिना गेला.

मृगाचा पाऊस पडला. सारे गाव पेरणीला लागले. आणि तोच भाऊ भिंतीकडे तोंड करून निजला. जेवेना, बोलेना, अंघोळ करीना. बायकोने विचारले, "उठत कामून नाही?" तर म्हणाला, "माझ्यापायी घर बुडालं. आता जगून काय करू?"

ते शब्द ऐकून धाकटा भाऊ हादरला. त्याने भाऊला एकटे सोडले नाही. रानात फवारायचे औषध घरात होते, ते त्याने त्याच दिवशी शेजाऱ्याकडे नेऊन कुलपात ठेवले. दुसऱ्या दिवशी तो भाऊला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

हा आजार कोणता?

डॉक्टरांनी दोन्ही हकिगती ऐकल्या. वैशाखातली आणि मृगातली. मग ते म्हणाले, "हे दोन आजार नाहीत. एकच आहे."

या आजाराला डॉक्टर 'बायपोलर' म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला द्विध्रुवीय विकार म्हणतात. आपण सोप्या भाषेत चढ-उताराचा आजार म्हणू.

चढ असतो, तेव्हा माणसाला झोप नको असते. बोलणे वाढते. मोठमोठे बेत सुचतात. पैसा पाण्यासारखा जातो. राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आपल्याला काही झाले आहे, हे त्या माणसाला पटतच नाही.

उतार असतो, तेव्हा कशातच मन लागत नाही. भूक आणि झोप बिघडते. अंगात बळ राहत नाही. आपण कुचकामी आहोत, असे वाटते. मरणाचे विचार येतात.

आनंद आणि दुःख सगळ्यांनाच होते. ते आले-गेले, तर तो आजार नव्हे. पण असा चढ आठवडाभर टिकला किंवा उतार दोन आठवडे टिकला आणि कामधंदा बंद पडला, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दोन फेऱ्यांच्या मध्ये माणूस अगदी चांगला असतो. म्हणून तर घरचे फसतात.

हा आजार मेंदूच्या कारभारातील बिघाडाने होतो. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. बहुधा तो तरुणपणी सुरू होतो. पुरुषांना होतो, तसाच बायकांना होतो. करणीने तो होत नाही. आळसाने नाही, की पापानेही नाही.

दगडातले औषध

या आजारावर सर्वांत जुने आणि आजही नावाजलेले औषध म्हणजे लिथियम. लिथियम हा एक धातू आहे. १८१७ साली स्वीडन देशात आर्फवेडसन नावाच्या शास्त्रज्ञाला तो एका खनिजात सापडला. ग्रीक भाषेत दगडाला 'लिथॉस' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. मोबाइलच्या बॅटरीतही लिथियम असते. पण औषधात असतो तो लिथियमचा शुद्ध केलेला क्षार. क्षार म्हणजे मिठाच्या जातीचा पदार्थ.

हा क्षार चढावर कसा चालतो, हे जगाला सांगितले ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते साडेतीन वर्षे जपानी सैन्याच्या कैदेत होते. सुटून आल्यावर ते मेलबर्न शहराजवळ एका मनोरुग्णालयात काम करू लागले. तिथे त्यांनी लहान प्राण्यांवर प्रयोग केले. लिथियम दिल्यावर प्राणी शांत होतात, असे त्यांना दिसले.

मार्च १९४८ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्याला लिथियम दिले. तो एक्कावन्न वर्षांचा होता. पाच वर्षे तो चढाच्या आजाराने इस्पितळात पडून होता. जुलै महिन्यात तो माणूस बरा होऊन घरी गेला. आपल्या जुन्या कामावरही लागला. १९४९ साली केड यांनी ही हकिगत छापली.

पण गोष्ट इथे संपत नाही. घरी गेल्यावर त्या माणसाने औषध सोडून दिले. चढ परत आला. १९४९ च्या सुरुवातीला तो पुन्हा इस्पितळात आला. पुन्हा लिथियम दिले, पुन्हा आराम पडला. पण पुढे त्याच्या अंगात लिथियम जास्त साचले. १९५० साली त्या विषबाधेने तो मरण पावला. रक्तातले लिथियम वरचेवर मोजून डोस ठरवण्याची पद्धत तेव्हा बसलेली नव्हती.

या एकाच माणसाच्या हकिगतीत आपल्याला दोन धडे मिळतात. औषध सोडले तर आजार परत येतो. औषध अंगात जास्त झाले तर ते विष होते. लिथियम घेणाऱ्याने हे दोन्ही धडे जन्मभर विसरू नयेत.

पुढे १९५४ साली डेन्मार्कचे डॉक्टर मोगन्स शू यांनी या औषधाची नीट परीक्षा घेतली. १९७० साली अमेरिकेच्या सरकारने त्याला परवानगी दिली. आज ते आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. औषध महागडे नाही.

औषध करते काय?

आपल्या औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. पावसाळ्यात ते पाणी अडवते. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडते. पूर येऊन रान वाहून जाऊ नये आणि दुष्काळात ते करपू नये, यासाठी धरण असते.

मनाच्या चढ-उताराला या गोळ्या तशाच आवर घालतात. म्हणून त्यांना मन स्थिर ठेवणाऱ्या गोळ्या म्हणतात. लिथियमने चढ उतरतो. पुढचे चढ-उतार कमी येतात. जीव देण्याचे विचार आणि तसा धोकाही त्याने कमी होतो. ही गुंगीची गोळी नव्हे. तिची चटक लागत नाही.

पण एक प्रश्न विचारतो. यंदा पूर आला नाही, म्हणून कुणी धरण फोडते का? नाही ना? पूर आला नाही, तो धरणामुळेच!

भाऊला मात्र हे समजले नाही. दसऱ्यापर्यंत तो चांगला झाला. दिवाळीत म्हणाला, "मी आता ठणठणीत हाय. मला कामून रोज गोळ्या?" घरच्यांनाही ते खरे वाटले. गोळ्या बंद झाल्या. होळीच्या आत झोप उडाली आणि दुसरा चढ आला. या वेळी म्हशी विकल्या गेल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "चांगले वाटते, ते गोळीमुळे वाटते. बंद करायची असेल, तर मला विचारा. एकदम बंद केली तर आजार जोराने परत येतो. कधी कमी करायची, कशी करायची, ते आपण मिळून ठरवू."

मीठ, पाणी आणि घाम

लिथियम मिठाच्या जातीचे आहे, हे वर सांगितलेच. त्यामुळे त्याचा आणि अंगातल्या मिठाचा जवळचा संबंध आहे.

आपला मूत्रपिंड नावाचा अवयव रक्त गाळतो. नको ते लघवीवाटे बाहेर टाकतो. लिथियमही तिकडूनच बाहेर पडते. पण घाम, जुलाब किंवा उलट्या यांनी अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, तर मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागतो. मिठाबरोबर तो लिथियमही धरून ठेवतो. मग गोळी रोजचीच, पण रक्तातले लिथियम वाढते.

म्हणून लिथियम घेणाऱ्याने हे नियम पाळावेत :

१. उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल, तर पाणी भरपूर प्यावे. पाण्याचा कॅन बांधावर नसावा, हाताशी असावा.

२. जेवणातले मीठ नेहमीसारखे ठेवावे. एकदम आळणी खाऊ नये. एकदम जास्तही करू नये.

३. निर्जळी उपास किंवा रोजा धरायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

४. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी लिथियम अंगात साचते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही साचते. कोणत्याही दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात गेले, की आधी सांगावे, "मी लिथियम घेतो."

५. एखादी गोळी विसरली, तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत.

६. सांगितलेल्या तारखेला रक्त तपासावे. गोळी घेऊन १२ तास झाल्यावर रक्त देतात. म्हणून रात्री गोळी घ्यावी आणि सकाळची गोळी असेल, तर ती रक्त दिल्यावर घ्यावी. रक्तातले लिथियम बहुधा ०.६ ते १.० या आकड्यांच्या दरम्यान ठेवतात. १.५ च्या वर गेले तर धोका असतो. सुरुवातीला ही तपासणी वरचेवर होते. बस्तान बसले की तीन ते सहा महिन्यांनी होते. मूत्रपिंड आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी यांचीही तपासणी मधून मधून करतात.

बोटे थोडी कापणे, तहान लागणे, लघवी जास्त होणे, वजन वाढणे, असा त्रास काहींना होतो. तो डॉक्टरांना सांगावा. त्यावर उपाय असतात.

धोक्याची चिन्हे

ही चिन्हे मात्र वेगळी आहेत. ती घरातल्या सगळ्यांनी पाठ करावीत :

वारंवार उलट्या किंवा जुलाब. हात जोराने थरथरणे. चालताना झोक जाणे. जीभ जड होणे. गुंगी येणे किंवा भान हरपणे.

यातले काही दिसले, तर लिथियमची पुढची गोळी देऊ नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्यावे. गोळ्यांची पाकिटे आणि कागद बरोबर घ्यावेत.

दुसऱ्या गोळ्या

सगळ्यांना लिथियमच देतात, असे नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन आणि इतरही गोळ्या आहेत. कुणाला काय मानवेल, ते डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

बायाबापड्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. म्हणून जिला पुढे मूल व्हायचे असेल, तिने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. दिवस गेले असतील, तर घाबरून गोळी टाकू नये. लगेच जाऊन विचारावे. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर तेही ताबडतोब दाखवावे.

आणखी एक. उताराच्या वेळी नुसती उदासीची गोळी घेतली, तर काही रोगी चढाकडे जातात. म्हणून पूर्वी कधी चढ आला होता का, हे घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. रोगी ते सांगत नाही. त्याला ते दिवस चांगलेच वाटलेले असतात!

घरच्यांचे काम

चढात असलेल्या माणसाशी वाद घालू नये. मोठी रक्कम आणि जमिनीची कागदपत्रे सांभाळावीत. बरे असतानाच त्याच्या संमतीने हे ठरवून ठेवावे. झोप उडणे ही पहिली खूण असते. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल, तर वाट पाहू नये.

उतारात असलेल्या माणसाला एकटे सोडू नये. मरणाची भाषा केली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

देवाला जायचे असेल, तर जरूर जावे. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घ्यावे. मनाला धीर मिळतो. पण गोळी बरोबर घेऊन जावे. माणसाला साखळीने मात्र कधी बांधू नये. तामिळनाडूत एरवाडी गावी रोग्यांना असेच बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे आग लागली. बांधलेल्या माणसांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक जीव गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे बांधणे बंद केले आहे. याच कायद्याने सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे.

विचारायचे कुठे? हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. घरबसल्या बोलायचे असेल, तर १४४१६ हा क्रमांक लावावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

गोष्टीचा शेवट

तिसरे वर्ष आले. भाऊ नेमाने गोळी घेत होता. फाल्गुनात हळद शिजवायचे काम निघाले. वरून ऊन, खाली जाळ. भाऊ दिवसभर घामाने निथळत होता. पाणी प्यायची शुद्ध राहिली नाही. संध्याकाळी अंग ठणकू लागले. कुणी तरी दुखण्याची गोळी दिली. तीन दिवस त्याने ती घेतली.

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. हात थरथरू लागले. चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. माय म्हणाली, "ऊन लागलं असंल. कांदा फोडून द्या." धाकटा म्हणाला, "रोजची गोळी द्या, म्हंजी बरं वाटंल."

भाऊची बायको त्या हिवाळ्यात साक्षरतेच्या वर्गाला जात होती. ती उठली. दवाखान्याचा कागद तिने पेटीतून काढला. दिव्याखाली धरला. अक्षराला अक्षर जोडून वाचू लागली : "उ-ल-टी... हात थ-र-थ-र-णे... गोळी थांबवून ताबडतोब यावे."

ती धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, गोळी देऊ नका. गाडी बघा."

त्याच रात्री भाऊ मोठ्या दवाखान्यात पोचला. रक्त तपासले. लिथियम वाढलेले निघाले. सलाइन लावले. पाच दिवसांनी तो आपल्या पायांनी चालत घरी आला. डॉक्टरांनी डोस बदलून दिला. आता घराच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर गोळीची वेळ, रक्ताची तारीख आणि धोक्याची चिन्हे लिहिली आहेत. अक्षर भाऊच्या बायकोचे आहे. थोडे वाकडे आहे, पण वाचता येते.

ध्यानात ठेवा

चढ आणि उतार हा एकच आजार आहे.
गोळी चांगल्या दिवसांतही घ्यायची.
मनाने गोळी बंद करायची नाही, वाढवायची नाही.
पाणी भरपूर प्यायचे, मीठ नेहमीसारखे ठेवायचे.
धोक्याची चिन्हे दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

विचार करा आणि सांगा

१. भाऊने दिवाळीत गोळी बंद केली. त्याचे काय चुकले?
२. हळद शिजवताना भाऊच्या अंगात लिथियम का वाढले? दोन कारणे सांगा.
३. आपल्या घरी कुणाला रोजची गोळी चालू आहे का? तिचे नाव पाकिटावर वाचा आणि वहीत लिहून ठेवा.